पेशीचा हिशेबनीस आणि मराठीतील त्याची नोंद

घाऊक धान्यव्यापारात आयुष्य घालविलेल्या आणि मॅट्रिकपुढे न शिकलेल्या मनुष्याने शरीरशास्त्रातील एका सूक्ष्म पदार्थावर लेख लिहावा, हे वाचकांस प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या पदार्थाविषयी आम्ही लिहीत आहोत त्याचे काम शिल्लक पाहून खर्च आवरण्याचे आहे. आणि ज्या ग्रंथात त्याची चोख नोंद व्हावी असे आम्हास वाटते, तो ग्रंथ म्हणजे सर्वांनी मिळून लिहावयाची एक वहीच होय. शिल्लक आणि वही या दोन गोष्टी व्यापाऱ्यास परक्या नाहीत. म्हणून स्मरणिकेच्या या पानांवर हा विषय मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

विषयाचे महत्त्व प्रथम सांगणे इष्ट होईल. दुकानात गादीवर बसून सकाळपासून रात्रीपर्यंत काम करणाऱ्या आपल्या वर्गात मधुमेह नसलेले घर शोधावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोक मधुमेही असल्याचे अनुमान निघाले. यांपैकी असंख्य रुग्णांस डॉक्टर जी पहिली गोळी लिहून देतात ती मेटफॉर्मिन. ही गोळी शरीरात नेमके काय करते, असा प्रश्न घरातील कोणी विचारला की हल्ली उत्तर भ्रमणध्वनीवर शोधले जाते. तेथे मराठीत पुष्कळ मजकूर सापडतो. परंतु त्यातील किती मजकूर ज्ञान देण्यासाठी लिहिलेला आणि किती डबी खपविण्यासाठी, हे सामान्य वाचकास कळत नाही. जेथे खात्रीची नोंद नसते तेथे जाहिरात जाऊन बसते. या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या एका विकराची ओळख करून घेऊन, मग त्याची मराठी नोंद कशी असावी, हे पाहू.

पेशीतील शिल्लक

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीत अहोरात्र रासायनिक क्रिया चालतात आणि त्या घडवून आणणाऱ्या प्रथिनांस विकरे म्हणतात. कोणी त्यांस एंझाइमे म्हणतात, तर जुन्या परिभाषेत वितंचके असाही शब्द आढळतो. या क्रियांपैकी पुष्कळशांस ऊर्जा लागते. ती पेशीला एटीपी नावाच्या पदार्थातून मिळते. अन्न कोणतेही असो, जोंधळ्याची भाकरी असो की बासमतीचा भात, त्यातील ऊर्जा शेवटी एटीपीच्या रूपाने पेशीच्या हाती पडते आणि मगच खर्च होते. शरीरात कोणत्याही एका क्षणी एटीपीचा साठा अगदी थोडा असतो. पण तोच पुनःपुन्हा मोडला व जोडला जात असल्यामुळे दिवसभराची त्याची उलाढाल साधारणपणे मनुष्याच्या स्वतःच्या वजनाइतकी भरते असे शास्त्रज्ञ सांगतात. भांडवल थोडे आणि उलाढाल मोठी, असा हा व्यवहार आहे.

एटीपीच्या रेणूला फॉस्फेटाचे तीन मणी ओवलेले असतात आणि त्यांतील दोन जोडांत कामाची ऊर्जा असते. एक जोड खर्च झाला की एडीपी उरते, दोन्ही खर्च झाले की एएमपी. आपल्या वखारीच्या भाषेत सांगावयाचे तर दोन मापे धान्य असलेले पोते म्हणजे एटीपी, एक माप उरलेले अर्धे पोते म्हणजे एडीपी आणि रिकामे बारदान म्हणजे एएमपी. पेशीत एक विकर असे आहे की ते दोन अर्धी पोती घेऊन त्यांचे एक भरलेले पोते व एक रिकामे बारदान करते. टंचाईच्या वेळी कोणताही दुकानदार हेच करील.

आता हिशेबाची खुबी पाहावी. समजा, वखारीत भरलेली पोती १००, अर्धी १० आणि रिकामे बारदान १ आहे. निरोगी पेशीतील प्रमाण साधारण असेच असते. पोत्यांची एकूण संख्या तीच ठेवून भरलेली पोती १०० ची ९० झाली, तर वर सांगितलेल्या अदलाबदलीच्या नियमाने अर्धी पोती सतरा-अठरा होतात आणि रिकामी बारदाने एकाची तीनांहून अधिक होतात. म्हणजे भरलेल्या मालात दहा टक्के घट झाली तेव्हा बारदान तिपटीहून अधिक वाढले. थप्पीकडे पाहणाऱ्यास दहा टक्क्यांची घट चटकन दिसणार नाही; पण जो बारदान मोजील त्यास ती तत्काळ कळेल.

पेशीतील बारदान मोजणारा हा जो हिशेबनीस, तोच आमच्या लेखाचा विषय. त्याचे शास्त्रीय नाव एएमपीने सक्रिय होणारे प्रथिन-कायनेज, संक्षेपाने एएमपीके. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटविणारे विकर. कागदावर शिक्का मारला की त्याची वाट बदलते, तद्वत् हा फॉस्फेटाचा शिक्का बसला की ते प्रथिन चालू किंवा बंद होते. एएमपीकेचे तीन भाग आहेत व त्यांस ग्रीक अक्षरांवरून अल्फा, बीटा आणि गॅमा अशी नावे आहेत. गॅमा हा भाग एएमपी धरून टंचाई ओळखतो, अल्फा शिक्का मारतो, आणि बीटा दोघांस जोडून ठेवतो. एएमपी चिकटल्यामुळे तीन गोष्टी घडतात: विकर स्वतः अधिक चपळ होते, अल्फा भागातील एका ठरावीक जागी त्याच्यावरच फॉस्फेटाचा शिक्का बसणे सुलभ होते, आणि बसलेला शिक्का लवकर पुसला जात नाही.

टंचाई लक्षात येताच हा हिशेबनीस दोन प्रकारचे हुकूम सोडतो. जी कामे आज टाळता येतील ती थांबविली जातात: चरबी तयार करणे, कोलेस्टेरॉल तयार करणे, नवी प्रथिने रचणे. ज्यांतून आवक होईल ती कामे वाढविली जातात: स्नायूंत रक्तातील ग्लुकोज ओढून घेणे, साठलेली चरबी जाळणे, पेशीतील जुनी मोडकी सामग्री मोडून पुन्हा उपयोगात आणणे, आणि कालांतराने ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढविणे. मंदीच्या दिवसांत इमारतीचे काम थांबवून उधारी वसुलीस माणूस पाठवावा, तसाच हा प्रकार होय.

शोधाचा इतिहास

या ज्ञानाचा पाया घालणाऱ्यांत एक भारतीय आहे, हे आवर्जून सांगावयास हवे. भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासमवेत काम करीत असता, स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ साली एटीपी त्यांच्या हाती लागले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनी एटीपीचा शोध स्वतंत्रपणे लावला.

एएमपीकेचा माग प्रथम १९७३ साली लागला, तोही दोन वेगळ्या वाटांनी. अमेरिकेत एका गटास चरबी बनविणारे मुख्य विकर बंद पाडणारी एक क्रिया आढळली. दुसऱ्या गटास कोलेस्टेरॉल बनविणारे विकर बंद पाडणारी एक क्रिया आढळली. दोन खाती वेगळी, म्हणून दोन नोकर वेगळे असावेत असेच सर्वांनी धरले. पुढे १९८७ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे डेव्हिड कार्लिंग, व्हिक्टर झामिट आणि ग्रॅहॅम हार्डी यांनी दाखवून दिले की दोन्ही ठिकाणी काम करणारे विकर एकच आहे. त्यानंतर त्यास आजचे नाव मिळाले. १९९६ साली विल्यम विंडर व हार्डी यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांस धावावयास लावून, व्यायामाने स्नायूंतील हे विकर जागे होते हे सिद्ध केले. २००३ साली, या विकरावर फॉस्फेटाचा शिक्का मारणारा त्याचा वरिष्ठ कोण, हेही कळले. एलकेबी१ नावाचे ते विकर कर्करोगास आळा घालणारे म्हणून आधीच ठाऊक होते. अशा रीतीने चरबी, साखर, व्यायाम व कर्करोग ही चार खाती एका खतावणीत आली.

औषध, उपवास आणि व्यायाम

मेटफॉर्मिन मधुमेहावर प्रथम उपयोगात आणले ते फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न यांनी, १९५७ साली. औषध गुणकारी होते. पण त्याचे कार्य कसे चालते हे कोणास ठाऊक नव्हते. २००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की मेटफॉर्मिनमुळे यकृतातील एएमपीके जागे होते. मग सर्वत्र असेच लिहिले जाऊ लागले की मेटफॉर्मिनचा गुण तो याच विकराचा. परंतु २०१० साली फ्रान्समधील संशोधकांनी यकृतात एएमपीके मुळीच नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्यातही मेटफॉर्मिनने साखर उतरली. याचा अर्थ औषधास दुसऱ्याही वाटा आहेत. पुढे २०२२ साली चीनमधील शिआमेन विद्यापीठातील गटाने असे मांडले की थोड्या मात्रेतील मेटफॉर्मिन एका निराळ्या मार्गाने, एएमपी न वाढविताही, हे विकर जागे करते. थोडक्यात, हे खाते अजून चालू आहे, त्यावर शेवटची रेघ ओढलेली नाही.

हा इतिहास आम्ही मुद्दाम तपशीलवार दिला. कारण २००५ साली कोणी कोशात नोंद लिहिली असेल आणि पुढे ती कोणी हाताळली नसेल, तर ती नोंद त्या दिवशी खरी असूनही आज वाचकाची दिशाभूल करील. जुन्या भावाने आजचा सौदा होत नाही.

उपवासाचा विषयही याच्याशी निगडित आहे. आपल्या घरांतून भाद्रपदात दशलक्षण पर्वात उपवास होतात, एकाशने होतात. अलीकडे या उपवासांचे समर्थन करताना शास्त्राचे नाव घेण्याची प्रथा पडली आहे. अन्न न मिळाल्यावर शरीर साठविलेल्या चरबीकडे वळते आणि त्या व्यवस्थेत एएमपीकेचा वाटा आहे, एवढे म्हणणे यथार्थ आहे. परंतु यातील पुष्कळ पुरावा उंदरांवरील प्रयोगांतून आला आहे, आणि उपवासाने अमुक रोग बरा होतो असे या विकराच्या आधारे म्हणता येत नाही. व्रताला व्रताचे कारण पुरेसे आहे. त्यास उसन्या प्रमाणपत्राची गरज नाही. उलट मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांस न विचारता दीर्घ उपवास धरल्यास साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, हे प्रत्येक घरात ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. ‘हे विकर जागे करणारी’ म्हणून चूर्णे व गोळ्या आज विकल्या जातात आणि हे विकर जितके जागे तितके आरोग्य अधिक, असा त्यांच्या जाहिरातींचा सूर असतो. वस्तुस्थिती तशी नाही. मेंदूच्या ज्या भागात भुकेचे नियमन होते तेथे हेच विकर जागे झाले की भूक वाढते. गॅमा भागाच्या एका प्रकारातील आनुवंशिक दोषामुळे हृदयाच्या स्नायूंत साखरेचा साठा बेसुमार होऊन हृदयविकार जडतो, असेही २००१ पासून ज्ञात आहे. हिशेबनीस अष्टौप्रहर ‘टंचाई, टंचाई’ ओरडू लागला तर पेढी चालणार नाही. चालण्याचा व अंगमेहनतीचा उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. काम करणारा स्नायू रक्तातील ग्लुकोज ओढून घेतो हे निर्विवाद आहे; त्यात या विकराचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत अजून विचार चालू आहे.

मराठीतील ज्ञानकोशांची परंपरा

आता दुसऱ्या भागाकडे वळू. असे ज्ञान मराठीत कोठे मिळावे? ही चिंता आजची नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतून परत आल्यावर नागपुरास भागभांडवलाची कंपनी काढून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले आणि १९२० च्या दशकात त्याचे खंड सिद्ध केले. कोशासारखे काम लोकांच्या थोड्या थोड्या पैशांतून उभे करता येते, हा त्यांचा धडा व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या ग्रंथाचे बहुतेक खंड छापून झाले तेव्हा एटीपीचा शोधही लागला नव्हता.

पुढे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली निघाला. एएमपीकेचे एकत्व सिद्ध झाले १९८७ साली. अर्थात् प्रारंभीच्या अक्षरांचे खंड तोपर्यंत लोकांच्या कपाटांत जाऊन बसले होते. हा विद्वानांचा दोष नव्हे, छापील ग्रंथाची ती मर्यादाच आहे. आज विश्वकोश महाजालावर विनामूल्य वाचता येतो आणि निरनिराळ्या विषयांची ज्ञानमंडळे त्यात नव्या नोंदींची भर घालीत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

याखेरीज तिसरा एक कोश आहे. विकिपीडिया हा महाजालावरील मुक्त कोश इंग्रजीत जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. त्यात कोणीही लिहू शकतो, कोणीही दुरुस्ती करू शकतो, आणि प्रत्येक फेरफाराची तारीख-वार नोंद कायम राहते. खाडाखोड करता येते, पण पान फाडता येत नाही, अशी ही वही आहे.

कोणीही लिहील तर त्यावर विश्वास कसा ठेवावा, ही शंका रास्त आहे. २००५ साली ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदी जाणकारांकडून तपासून घेतल्या, तेव्हा इंग्रजी विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकात १२३ चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या तपासणीस आक्षेप घेतला, हेही सांगितले पाहिजे. परंतु तात्पर्य असे की विद्वानांच्या कोशातही चुका असतात आणि मुक्त कोश अगदीच टाकाऊ नसतो. भेद पडतो तो चूक सापडल्यावर ती दुरुस्त होण्यास किती काळ लागतो यात.

शास्त्रज्ञांनीही हे ओळखले आहे. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी मानवी जनुकांच्या हजारो लहान नोंदी संगणकाच्या साहाय्याने इंग्रजी विकिपीडियात मांडून ठेवल्या, हेतू हा की जाणकारांनी पुढे त्यांत भर घालावी. त्याच वर्षी एका संशोधनपत्रिकेने आरएनए-कुलांवरील लेख पाठविणाऱ्यास, सोबत विकिपीडियासाठीही नोंद लिहून देण्याची अट घातली. इंग्रजीत अशी व्यवस्था आहे. मराठीत ती आपण केल्यावाचून होणार नाही.

शब्दांची सावधगिरी

इंग्रजी लेख यंत्राकडून मराठीत करून घ्यावा व चिकटवून द्यावा, असा सोपा मार्ग कोणास सुचेल. तो घातक आहे. एक उदाहरण देतो. मराठीत ‘पेशी’ म्हणजे जीवाचा मूलघटक. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे स्नायू, आणि मराठीतील पेशीस तेथे ‘कोशिका’ म्हणतात. हिंदी मजकूर समोर ठेवून मराठी करणाऱ्याकडून सर्व शरीराची गोष्ट केवळ स्नायूंची होऊन बसते. आपल्या सीमाभागात आणखी एक पदर आहे. मुले कन्नड शाळेत ‘जीवकोश’ आणि ‘किण्व’ हे शब्द शिकून येतात. कन्नडमध्ये किण्व म्हणजे विकर. मराठीत त्याच मुळापासून आलेले ‘किण्वन’ म्हणजे आंबण्याची क्रिया. दोन्ही भाषा घरात असलेल्या पिरनवाडीच्या वा निपाणीच्या मुलास हा भेद जितका स्वाभाविकपणे कळेल तितका पुण्याच्या मुलास कळणार नाही. आपली दुभाषिक स्थिती येथे उणीव नसून कौशल्य आहे.

नावाच्या भाषांतरातही सापळा आहे. ‘एएमपीने सक्रिय होणारे’ आणि ‘एएमपीला सक्रिय करणारे’ यांत फक्त प्रत्ययाचा फरक दिसतो, परंतु अर्थ उलटा होतो: एकात बारदान हिशेबनिसाला उठविते, दुसऱ्यात हिशेबनीस बारदानाला. तसेच हे विकर चरबी ‘रोखते’ एवढेच लिहिल्यास अपुरे आहे; ते चरबीची निर्मिती रोखते आणि तिचे ज्वलन वाढविते, असे स्पष्ट लिहावयास हवे.

चांगल्या नोंदीची लक्षणे

आमच्या अल्पमतीप्रमाणे या विकराच्या मराठी नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात. प्रारंभीच्या चार वाक्यांत, दहावी झालेल्या वाचकास समजेल अशा भाषेत, हे काय आहे व काय करते ते यावे. मग रचना, कार्यपद्धती व शोधाचा इतिहास क्रमाने द्यावा. रोगांविषयी लिहिताना काय माणसांत सिद्ध झाले आहे आणि काय केवळ प्राण्यांत दिसले आहे, याची दोन वेगळी खाती ठेवावीत. मेटफॉर्मिनविषयी २००१, २०१० व २०२२ ही तिन्ही वर्षे एकत्र यावीत, त्यांतील एकच सोयीची निवडू नये. औषधाची मात्रा कोठेही सांगू नये; ते काम डॉक्टरांचे.

विकिपीडियाचे जे नियम आहेत ते बाजाराच्या रीतीस धरूनच आहेत. प्रत्येक विधानास आधार द्यावा लागतो. पावतीशिवाय नोंद नाही. वैद्यकीय विधानास एखाद-दुसरा नवा प्रयोग पुरत नाही, अनेक प्रयोगांचा परामर्श घेणारे लेख किंवा मान्य पाठ्यपुस्तके आधारास लागतात. एका दलालाच्या सांगण्यावरून बाजारभाव ठरत नाही, तसेच हे. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उचलता येत नाही. आणि ज्याचा त्या वस्तूत आर्थिक संबंध आहे, त्याने तो उघड केल्याशिवाय मोबदला घेऊन लिहू नये. आपल्या यार्डात मापाडी हा घेणाऱ्याचा नसतो आणि देणाऱ्याचाही नसतो, म्हणून त्याच्या काट्यावर दोघांचा विश्वास बसतो. गोळ्या विकणाऱ्याने गोळीची नोंद लिहिणे म्हणजे विकणाऱ्याच्या हाती काटा देणे होय.

आपण काय करू शकतो

अशी नोंद लिहिण्यास लागणारी माणसे आपल्याच घरांत आहेत. बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. टिळकवाडीत विज्ञानशिक्षणाची जुनी सोय आहे. आमच्या पिरनवाडीला लागून मच्छे येथे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ उभे आहे. निपाणीची मुले अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जातात. गाव कर्नाटकात आणि महाविद्यालय महाराष्ट्रात, तरी विद्येस नाका आडवा येत नाही. आपल्या सभासदांची नातवंडे वैद्यक, औषधनिर्माण, जीवरसायन हे विषय शिकत आहेत. ती इंग्रजीत उत्तरपत्रिका लिहितात आणि घरी आजीने गोळीविषयी विचारले की त्यांस मराठी शब्द सुचत नाही. नोंद लिहिणे म्हणजे आजीच्या प्रश्नाचे उत्तर एकदाच, पण सर्व आज्यांसाठी देणे होय. यातून विद्यार्थ्याचेही हित आहे. ज्यास एखादा विषय मातृभाषेत समजावून देता आला, त्यास तो खरोखर समजला.

आमची सूचना अशी. आपल्या संघाने विद्यार्थ्यांस जे साहाय्य द्यावयाचे, त्यात विज्ञानशाखेच्या मुलांपुढे एक ऐच्छिक काम ठेवावे: आपल्या अभ्यासातील एका विषयाची मराठी नोंद तयार करावी, किंवा असलेली तपासून दुरुस्त करावी. एका शास्त्रशिक्षकाने मजकूर पाहावा. एका वडीलधाऱ्या सभासदाने तो वाचावा आणि जेथे अडखळेल तेथे खूण करावी. कारण जे आमच्यासारख्या मॅट्रिकवाल्यास कळले नाही ते पेठेत कोणासच कळणार नाही. संदर्भग्रंथांचा खर्च संघाने करावा, तो फार नाही. मुलींनी यात पुढाकार घ्यावा असे आम्ही विशेष म्हणू, कारण घरातील पथ्यपाण्याची व औषधांची वहिवाट बहुधा त्यांच्याच मातांकडे असते. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या वहीपूजनाच्या सुमारास, जुन्या नोंदी पुन्हा काढून पाहाव्यात. रोजमेळ रोज लिहिला नाही तर वर्षाअखेर कोणाचाच हिशेब लागत नाही.

कोणी विचारील, एका विकराच्या नोंदीने मराठीचे असे काय भले होणार? मराठीत शास्त्र नाही असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि सीमाभागात मराठीचा अभिमान सांगणारेही थोडे नाहीत. दोघांसही उत्तर एकच: एक नोंद लिहावी, चोख लिहावी, आधारासह लिहावी. ज्या घरात मधुमेही मनुष्य आहे त्या घरास त्या नोंदीचा उपयोग आजच होईल. संघाच्या येत्या वार्षिक सभेत ही सूचना विचारार्थ घ्यावी आणि पहिली नोंद म्हणून एएमपीकेचीच निवड व्हावी, अशी चिटणीसांस व सर्व सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो. जय जिनेंद्र.